चष्म्याच्या दुकानाची पाटी

११ जानेवारी

दादा,

आबा गेल्याचं तुला कळलेलं आहे. मी निरोप पाठवला तेव्हा तू तो वाचल्याची खूण माझ्या फोनवर दिसली. मग मी फोन केला, पुन्हा केला. वाजून वाजून बंद झाला. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र फाडून टाकता येतं, पण ते वाजत असताना त्याच्याकडे नुसतं बघत बसता येत नाही.

घाबरू नकोस, रडगाणं गाणार नाही. लहानपणी तू मला मुकी म्हणायचास, ते काही उगीच नाही.

त्या सकाळी आबांनी चहा घेतला. कप दोन्ही हातांनी धरून, कप तोंडाकडे न नेता तोंड कपाकडे नेऊन, नेहमीसारखा. थोडा बशीत सांडला, तोही प्यायले. मी शाळेत जायला निघाले तेव्हा म्हणाले, "छत्री घे." बाहेर लख्ख ऊन होतं. मी म्हटलं, "छत्री कशाला?" तर म्हणाले, "जाताना काहीतरी सांगावं लागतं ना." मी ऑफिसात हजेरीपटावर शिक्के मारत होते तेव्हा शेजारच्या मावशींचा फोन आला. खुर्चीत बसले होते ते बसलेच होते. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

"मुलगा कुठे आहे?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. मी "कामात आहे" म्हटलं. आबा ज्यांच्या दुकानातून आयुष्यभर रंग आणि ब्रश घेत आले ते रंगवाले काका माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "चष्म्याचं दुकान काढलंय, पण लांबचं काही दिसत नाही त्याला." एरवी मी हसले असते.

मागे ठेवलेल्या वस्तूंत तुझ्या वाटणीचं काही निघेल असं नाही. ब्रश आहेत, धुऊन तेलाच्या कागदात गुंडाळलेले. इतक्या वर्षांत एक पाटी रंगवली नाही, पण ब्रश धुणं सोडलं नव्हतं. रंगवताना हात टेकवायची काठी आहे, टोकाला कापडाचा गोळा बांधलेली. शिडी आहे. आणि तुझी पाटी आहे. तुझ्या दुकानासाठी त्यांनी रंगवलेली आणि पहिल्याच दिवशी तू उतरवायला लावलेली. ती त्यांनी पालथी घालून दोन खोक्यांवर ठेवली होती. त्यावर ताट ठेवून जेवायचे. रंगवलेली बाजू खाली. मी ती कधी उलटून बघितली नाही, आताही बघणार नाही.

वहिनीचा मात्र फोन आला होता. तुझ्या नकळत केला असावा, कारण न्हाणीघरातून बोलल्यासारखा आवाज घुमत होता. आबांसाठी रडायला लागली आणि मध्येच भिंगरीसाठी रडायला लागली. पोर दीड वर्षाची झाली आणि तिला झटके येतात, औषधं चालू आहेत, हे आत्याला असं न्हाणीघरातून कळलं. बरं आहे.

मुकी


२ फेब्रुवारी

दादा,

तुझा निरोप मिळाला. "भिंगरीबद्दल बाहेर कुणाशी बोलू नकोस. हे कुठल्या रक्तातून आलं ते मला माहीत आहे. प्यायची एकाने आणि भोगायचं पोरीने."

बाप गेल्यावर त्याच्याबद्दल तू लिहिलेलं हे एवढंच. जपून ठेवते.

तुझ्याशी वाद घालायचा नाही. आबा प्यायचे. सकाळी, कामाला निघण्याआधी, शर्टाच्या आत लपवलेल्या छोट्या बाटलीतून. आईला ठाऊक होतं, तुला ठाऊक होतं, गल्लीला ठाऊक होतं. पण ते कधी झिंगून घरी आले का? कुणावर हात उगारला? दारुडा म्हणून नाव मिळालं तेवढंच. दारुड्याची एकही मजा त्यांच्या वाट्याला आली नाही.

आता भिंगरीचं. वहिनीने मला तिची चित्रफीत पाठवली. तिच्यावर डाफरू नकोस, मी मागितली. ती उंच खुर्चीत बसली आहे. वहिनी वाटी घेऊन येते. वाटी दिसताच पोरीचे दोन्ही हात ताठ होतात, मुठी आवळल्या जातात, मान आणि खांदे थरथरतात. पाठीवर कुणी गार पाणी ओतावं तसं. मागे तुझा आवाज येतो, "आला, आला, धर तिला!" पण कुणी धरायच्या आत ते थांबतं आणि पोर सरळ चमच्यावर झडप घालते.

मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. मी शाळेतली कारकून आहे, डॉक्टर नाही. पण शाळेत एका मुलीला झटके येतात, तिला मी पाहिलं आहे. तिला नंतर आपण कुठे आहोत हेही समजत नाही. वाटीतलं काय शिल्लक आहे हे तर राहूच दे.

वहिनी म्हणते की डोक्याला तारा लावून केलेली तपासणी स्वच्छ आली. तरी औषध चालू आहे, कारण तुझं म्हणणं, तपासणीत चोर सापडत नाही म्हणजे चोर नाही असं होत नाही. औषधाने पोर दिवसभर पेंगते. भिंतीला धरून चालायला लागली होती, ती पुन्हा बसायला लागली. खेळणं हातात घेते आणि घेतलेलं विसरते. हे तुलाही दिसत असणार. दिसणं हाच तुझा धंदा आहे.

दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांना दाखव. एवढंच मागते. आबांसाठी काही मागत नाही, त्यांचं मागणं संपलं.

मुकी


२६ फेब्रुवारी

दादा,

तू मालाच्या खरेदीला गेला होतास तेव्हा आम्ही भिंगरीला घेऊन मुलांच्या इस्पितळात जाऊन आलो. कल्पना माझी, गाडी मी ठरवली, दिवस मी निवडला. वहिनी दारातून दोनदा परत फिरली होती. तेव्हा राग काढायचा तर माझ्यावर काढ. माझ्यावर काढायला तुला घराबाहेर पडावं लागेल, तिच्यावर काढायला लागत नाही.

तिथल्या डॉक्टर बाई, आपली आई आज असती तर तिच्या वयाच्या आहेत. त्यांनी भिंगरीला तपासायच्या पलंगावर घेतलंच नाही. सतरंजीवर सोडलं आणि आपण खाली तिच्यासमोर मांडी घालून बसल्या. आधी कागद वाचले, मग चित्रफिती पाहिल्या, पुन्हा मागे नेऊन पाहिल्या. पोर पेंगतच होती. बाईंनी विचारलं, "हिला काय आवडतं?" वहिनी म्हणाली, "खाणं." बाई म्हणाल्या, "मग द्या ना. सगळ्यांनाच आवडतं."

वहिनीने पिशवीतून डबा काढला. झाकणाचा आवाज झाला मात्र, पोरीचे हात ताठ, मुठी घट्ट, मान थरथरायला लागली. वहिनी पुढे झेपावली. बाईंनी हाताने तिला थांबवलं आणि थरथर चालू असतानाच हाक मारली, "ए भिंगरी! कुणाचा डबा आहे गं?" पोरीने थरथरत त्यांच्याकडे पाहिलं. आणि हसली.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "ही इथेच आहे. कुठे गेली नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. काही लहान मुलांना अशी थरथर येते. आनंद झाला, आवडीचं काही दिसलं, कधी राग आला तरी. दिसायला झटक्यासारखी, पण झटका नाही. मेंदूला त्याने काही होत नाही. वय वाढतं तशी आपोआप जाते. "नुसतं एकदा बघून मी बोलत नाही," असंही म्हणाल्या. "तपासणी स्वच्छ आहे, चित्रफिती आहेत, आत्ता समोर पाहिलं. सगळं जुळतं म्हणून बोलते."

वहिनीने विचारलं, "म्हणजे ही नुसती खूश होते?"

"खूश होते," बाई म्हणाल्या. "जरा जास्त खूश होते."

दादा, तुझ्या घरात पोर खूश झाली की तिला औषध पाजतात.

आता पुढचं नीट वाच. त्यांनी विचारलं, "घरात कुणाचे हात थरथरतात का?"

वहिनी ताबडतोब "नाही" म्हणाली. पाठ केलेलं उत्तर होतं. पहिल्या डॉक्टरांकडे तूही तेच दिलं होतंस, तिने मला बाहेर आल्यावर सांगितलं. मी म्हटलं, "आमच्या वडिलांचे थरथरायचे. पण ते प्यायचे."

"स्वस्थ बसलेले असताना, की काही करायला गेलं की?"

"करायला गेलं की. कप उचलताना, सही करताना."

"आणि प्यायल्यावर? वाढायचे की कमी व्हायचे?"

भिंगरी चमच्याने डबा बडवत होती आणि मला आपलं जेवायचं टेबल दिसत होतं. आबा एकदा जेवताना म्हणाले होते, "घेतली की हात थांबतो रे." तू घास हातात धरून हसलास. "आबा, सगळे दारुडे हेच म्हणतात." आईसुद्धा हसली. मी काय करत होते ते विचारू नकोस. आबांनी मग पाण्याचा पेला उचलला, सांडला, आणि तू म्हणालास, "थांबला का हात?"

त्यांनी लपवलं नव्हतं, दादा. भर जेवणात, सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

"कमी व्हायचे," मी म्हटलं. बाई म्हणाल्या, काही घराण्यांत हाताचा असा थरकाप पिढ्यान्पिढ्या येतो. दारूने तो घटकाभर दबतो, मग पुन्हा येतो, उलट जास्तच. पुष्कळांना हे आपलं आपणच कळतं आणि ते दारूच्या नादी लागतात. "चुकीचा उपाय आहे," त्या म्हणाल्या, "पण थापा नाहीत." आणि अशा घरांतल्या काही मुलांना लहानपणी भिंगरीसारखी थरथर येते, नेहमीच येते असं नाही. मी विचारलं, "हाताच्या थरकापावर औषध असतं?" त्या म्हणाल्या, "असतं की. तुमच्या वडिलांच्या उमेदीतही होतं."

आपल्याला वाटत होतं, पितात म्हणून हात थरथरतो. हात थरथरायचा म्हणून ते प्यायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते असं.

घरी परतताना मी रंगवाल्या काकांकडे उतरले. त्यांना सरळ विचारलं. त्यांनी हातातला रंगाचा डबा खाली ठेवला. "माझ्याच दुकानात मागे बसून घ्यायचा," म्हणाले. "औषध घेतल्यासारखी, नाक दाबून. चव सहन व्हायची नाही त्याला. मग मला हात दाखवायचा, बघ, बसला. आणि शिडी उचलून जायचा. ओळ अशी मारायचा की दोरीने मारावी."

मी विचारलं, "मग दादाच्या पाटीच्या वेळी काय झालं?"

काका म्हणाले, "तुला माहीत नाही? त्याने तुझ्या भावाला शब्द दिला होता. सोडली म्हणून. महिनाभर थेंब घेतला नव्हता. मी म्हटलं, अरे, आजच्या दिवस घे, एवढी मोठी पाटी आहे. तर म्हणाला, पोराच्या पाटीला नाही."

हे मी तुला का लिहिते आहे? बाईंनी सांगितलं आहे की औषध आपल्या मनाने एकदम तोडायचं नाही, त्या सांगतील तसं हळूहळू कमी करायचं. आणि सुरू करण्याआधी त्यांना तू हवा आहेस. "वडिलांना घेऊन या. त्यांच्याशी बोलायचंय, त्यांचे हातही बघायचेत." वहिनी एकटी हे करणार नाही, तिची हिंमत नाही. तेव्हा तू जायचं आहेस. जाऊन "आमच्या घरात हात थरथरतात" हे एक वाक्य बोलायचं आहेस. पोर जागी होण्यासाठी तेवढं पुरेल.

मुकी


१७ मार्च

दादा,

इतक्या वर्षांनी तू माझ्याशी बोललास. "मेलेल्या दारुड्याची वकिली करू नकोस" आणि "माझ्या घरात पाऊल टाकू नकोस", या दोन वाक्यांसाठी तू फोन केलास. आवाज बदललेला नाही.

वहिनी सांगते, तू त्या बाईंकडे जाणार नाहीस. "दोन बायकांनी मिळून तिसऱ्या बाईकडून लिहून आणलं" असं म्हणालास म्हणे. आणि पहिल्या डॉक्टरांकडे जाऊन, परवा दोनदा झटका आला, असं सांगून आलास. त्यांनी मात्रा वाढवली. ज्याला "दोनदा झटका आला" म्हणालास त्यात काय घडलं होतं ते वहिनीने सांगितलं. एकदा तू कामावरून घरी आलास. एकदा फुगा.

तू दारात दिसलास म्हणून पोर थरथरली, आणि तिची मात्रा वाढली.

यापुढे मी गोड बोलणार नाही.

तुला पाटीचा दिवस आठवतो का? मला चांगला आठवतो, कारण रंगाचा डबा धरून शिडीखाली मी उभी होते. तुझ्या दुकानाचं नाव आणि खाली मोठा चष्मा, असं काढायचं ठरलं होतं. नाव कसंबसं झालं, ओळ चालता चालता खाली घसरली. मग चष्मा. गोल काढणं सगळ्यात अवघड असतं, आबा नेहमी सांगायचे. एक भिंग अंड्यासारखं झालं. दुसरं बटाट्यासारखं. काठीवर हात टेकवला तर काठीच थरथरत होती. खाली माणसं जमली. आबा शिडीवरूनच म्हणाले, "चष्म्याच्या दुकानाला अशीच पाटी हवी. बघणाऱ्याला वाटेल आपली नजर बिघडली, सरळ आत येईल!" लोक हसले. मनमोकळं हसले, टिंगल म्हणून नाही. तू बाहेर आलास.

"प्यायलायस तू," म्हणालास. सगळ्यांसमोर. बापाला अरे-तुरे आपण कधी केलं नव्हतं. "माझ्या दुकानाच्या दिवशीसुद्धा."

आबा म्हणाले, "नाही रे." खाली उतरले. तुझ्या जवळ आले, तोंड पुढे केलं आणि म्हणाले, "वास घे."

तू मान फिरवलीस.

मी इतकी वर्षं त्या दिवसाबद्दल कुणाशी बोलले नव्हते. फक्त एवढं सांगते, एक श्वास घ्यायला किती वेळ लागतो? घेतला असतास तर टर्पेंटाइनचा वास आला असता. दुसरा कसलाच नाही. तू म्हणालास, "उतरवा ही," आणि दुसऱ्या दिवशी छापलेली फ्लेक्सची पाटी लावलीस. आबा घरी आले, ब्रश धुतले. त्यानंतर ते प्यायलेही नाहीत आणि त्यांनी रंगवलंही नाही.

आता माझं ऐक. गुरुवारी मी तुझ्या दुकानासमोर आले होते. घरात पाऊल टाकायची मनाई आहे, पलीकडच्या फुटपाथवर नाही. काचेतून सगळं दिसतं. एक गिऱ्हाईक चष्म्याची काडी बसवायला घेऊन आलं. तू चष्मा घेतलास, भिंगाखाली धरलास, बारीक स्क्रू उचललास. तो पडला. पुन्हा उचललास. पुन्हा पडला. मग तू हसून काहीतरी बोललास आणि चष्मा कामाला ठेवलेल्या बाईंकडे सरकवलास. त्यांनी न बघता घेतला, म्हणजे सवयीचं आहे. तू दोन्ही हात खिशात घातलेस. थोड्या वेळाने पाणी प्यायलास. पेला काउंटरवरून उचलला नाहीस. वाकलास आणि तोंड पेल्याकडे नेलंस.

आपल्या घरात असं पाणी कोण प्यायचं?

भर दुपारची वेळ होती, रस्त्यावर माणसं होती. मला पलीकडून ओरडून विचारता आलं असतं, "दादा, प्यायलायस का?" विचारलं नाही. मी वास घ्यायला तयार होते.

तुला पहिल्यापासून ठाऊक आहे, म्हणून तू बाईंकडे जात नाहीस. त्या पोरीकडे बघण्याआधी तुझ्या हातांकडे बघतील. हात दाखवून अवलक्षण नको, म्हणून पोरीला झोपवून ठेवायचं. आबांचं नाव तू मातीत घातलंस, त्यावर आता इलाज नाही. पण त्या पोरीचं जागेपण तुझ्या अब्रूपेक्षा स्वस्त नाही. आबांच्या हातून सांडलं ते पाणी होतं. तुझ्या हातून काय सांडतं आहे ते एकदा बघ.

यापुढे पत्र लिहिणार नाही. लिहायचं कारण तूच दिलंस तर गोष्ट वेगळी.

मुकी


५ मे

दादा,

कारण दिलंस, म्हणून लिहिते.

तू बाईंकडे गेलास हे वहिनीने सांगितलं. कसं गेलास तेही. सकाळी चहाचा कप तुझ्या हातून पडला, भिंगरी त्या आवाजाने दचकून जागी झाली, फुटक्या कपाकडे पाहून पुन्हा पेंगली, आणि तू म्हणालास, "चल." बस. कुठे, का, काही नाही. इतक्या पत्रांनी जे झालं नाही ते एका कपाने केलं.

बाईंनी तुला हात पुढे धरायला लावले. मग कोऱ्या कागदावर आतून बाहेर गोल गोल जाणारी रेघ काढायला सांगितली, गोगलगाईच्या पाठीवर असते तशी. तू काढलीस. वहिनी म्हणाली, "ताई, मला बघवेना. तो गोल नव्हताच." बाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?" आणि तू म्हणालास, "वडिलांना होतं."

"होतं" म्हणालास, "प्यायचे" म्हणाला नाहीस, असं वहिनी दोनदा सांगत होती. तिला ते फार मोठं वाटलं. मला वाटलं नाही. आबा असते तर त्यांना वाटलं असतं, त्यांचं थोडक्यात भागायचं.

बाईंनी तुला मोठ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि तुझं औषध सुरू झालं. आता तुझा हात पुष्कळ बसला आहे, असं कळलं. स्क्रू बसवतोस. छान. एक सांगायचं राहिलं, ते औषध नवं नाही. मी बाईंना फोन करून विचारून घेतलं.

भिंगरीचं औषध उतरत उतरत गेल्या आठवड्यात बंद झालं. तू वहिनीला तिच्याबरोबर माझ्याकडे येऊ दिलंस, तेही मी लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की मुकीने चांगलं काही लिहिलंच नाही. तू मात्र गाडीत बसून राहिलास, गल्लीच्या तोंडाशी. मी खिडकीतून पाहिलं.

आणि तुझा निरोप वहिनीने दिला. "पाटी मागितली आहे त्यांनी." मी विचारलं, "कशाला?" ती म्हणाली, "काही बोलले नाहीत. दुकानात मागच्या खोलीत जागा केलीय."

मागच्या खोलीत. बरं.

मी पाटी उलटून बघणार नाही असं तुला लिहिलं होतं. पण द्यायची तर पुसून द्यावी म्हणून खोक्यांवरून उचलली आणि भिंतीला टेकवून उभी केली. रंगाला काही झालेलं नाही. आबांचा लाल रंग तसाच आहे, कालच लावल्यासारखा. ओळ घसरलेली. एक भिंग अंड्यासारखं, एक बटाट्यासारखं. इतकी वर्षं त्यावर ताटं ठेवली, पण खालच्या बाजूला एक ओरखडा नाही. त्यांनी खोक्यांवर फडकी घातली होती.

भिंगरी दारातून आत आली. चालत आली, भिंत न धरता. तिने ती लाल भिंगं पाहिली आणि जागच्या जागी थांबली. हात ताठ झाले, मुठी आवळल्या, मान थरथरायला लागली. वहिनी पुढे धावली नाही. मीही नाही. आम्ही दोघी उभ्या राहून बघत होतो. मग ते थांबलं. पोर जाऊन पाटीला चिकटली आणि त्या वाकड्या गोलावरून बोट फिरवायला लागली. पुन्हा पुन्हा, गोल गोल. बोट अगदी बरोबर रेघेवरून चाललं होतं.

त्या पाटीवर लोक हसले होते, तू ओरडला होतास, मी रंगाचा डबा धरून गप्प उभी होते. ती पाटी बघून आनंदाने थरथरलेलं आपल्या घरातलं हे पहिलं माणूस.

म्हणून तुला ती देता येणार नाही. ती मागच्या खोलीत ठेवायची नाही. मी ती इथे भिंतीवर लावली आहे, पोरीच्या उंचीला. ती येत जाईल तेव्हा बघेल. तुला बघायची असेल तर गाडीतून उतरावं लागेल.

मुकी